वजनकाट्यामागील दार काबीज केले ते वर्तमान

जेवणाच्या टेबलाच्या मुख्य खुर्चीचे कायम वतनदार, दोन चष्म्यांचे धनी, सकाळच्या वर्तमानपत्राचे प्रथम वाचक, राजमान्य राजश्री आबासाहेब यांचे आज्ञेवरून हे वर्तमान लिहिले आहे. आबासाहेबांनी फर्माविले जे, सूनबाईंनी मधुमेह-शिक्षकाची सनद जिंकिली, त्याचे कौतुक थोर जाहले, फोटो निघाले, ते मोबाइलावरोन दूरदूरचे नातलगांपावेतो पोहोचले, आणि ज्यांस मधुमेह कशाशी खातात हे ठाऊक नाही त्यांनीही अंगठे दाखविले. परंतु या मोहिमेत आमचेवर काय प्रसंग गुजरला हे कोणी लिहिले नाही. सबब घडले तैसे लिहावे, पदरचे घालू नये, कोणाची भीड धरू नये, आमचे घरच्या मंडळींची तर मुळीच धरू नये. आज्ञा शिरसावंद्य करोन बखरकाराने लेखणी उचलिली. बखरकाराची गती सर्वत्र आहे. भिंत, पडदा, फडताळ, बंद डबा, माणसाचे पोटातील विचार, यांपैकी काहीही त्यास आडवे येत नाही, हे वाचणारांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

ऐसियास, मूळ कज्जा एका खोलीचा. आबासाहेबांच्या सूनबाई, ज्यांस दवाखान्यात लहानथोर ताईसाहेब म्हणत, त्या मधुमेहाचे दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणोन चाकरीस होत्या. त्यांचे ठाणे कॉरिडॉरात, वजनकाट्याचे बगलेस. एक टेबल आणि दोन खुर्च्या, पैकी एक डुलणारी, आणि ती डुलणारी ताईसाहेबांनी आपणांस घेतली, कारण त्यांस तोल सांभाळण्याची सवय होती. तेथे रोगी येत, काट्यावर चढत, बूट काढावे की न काढावे यावर हुज्जत घालीत, आणि मग ताईसाहेब पुसत की काय खाता, किती खाता, केव्हा खाता. तो पाठीमागे बाकावर बसलेली अवघी रयत बोलणे थांबवोन कान टवकारी. आता कोणता शूर भर कॉरिडॉरात कबूल करील की, मी जॅमची बाटली चमच्याने खातो? सर्व थापा मारीत. एक गृहस्थ शपथेवर म्हणाले की, आपण गोडाचे वाटेस जात नाही, आणि त्या समयी त्यांचे मिशीत केकचा चुरा होता.

काट्याचे मागे एक खोली रिकामी पडली होती. लहानशी, एक खिडकी, एक दिवा, आणि दार. त्या दवाखान्यात दारे पुष्कळ होती, पण कोणते फुगलेले, कोणते कुरकुरणारे, कोणास कडीच नाही. हे मात्र मऊ आवाज करोन नीट बसे आणि बसले की बाहेरचे काही आत येत नसे आणि आतले बाहेर जात नसे. ताईसाहेबांचा जीव त्या दारावर जडला. त्यांचे मनी ऐसे की, रोग्यास आत घ्यावे, दार लावावे आणि मग पुसावे. दाराआड माणूस खरे बोलेल, आणि खरे बोलला तर त्याची साखर ताळ्यावर आणिता येईल. परंतु त्याच खोलीवर दवाखान्याचे हिशेबनीस, जे जुनी बिले टाकीत नाहीत म्हणोन प्रसिद्ध, त्यांचाही डोळा होता. त्यांस तेथे आपली पोलादी कपाटे ठेवावयाची होती. ते रोज येता-जाता मोजपट्टीने दार मोजीत आणि ताईसाहेबांकडे पाहोन हसत.

मग उभयतां थोरल्या डॉक्टरांपुढे गेली. थोरले डॉक्टर म्हणजे न्यायी पुरुष, परंतु सदैव धावते. त्यांनी जिन्यावर चढता चढता निवाडा दिला की, ताईसाहेबांनी मधुमेह-शिक्षकाची सनद या परीक्षेस आणिली तर खोली त्यांची, नापास जाहल्या तर कपाटांची, आणि यावर पुन्हा कोणी जिन्यात अडवू नये. हिशेबनिसांनी त्याच दिवशी कपाटांस तेल दिले.

सनद मिळविणे हा सोपा मामला नव्हे. आधी इतकी वर्षे रोग्यांस शिकविले याचे दाखले पाहिजेत, मग संगणकावर लेखी परीक्षा, आणि ती सर केली तर प्रत्यक्ष परीक्षकाचे समोर एका खऱ्या रोग्यास शिकवोन दाखविणे. ताईसाहेबांनी घरी येऊन मसलत केली. मसलतीस आबासाहेब होते, आबासाहेबांचे कुटुंब म्हणजे मातोश्री होत्या, ज्यांचे हाती स्वयंपाकघराची सर्व किल्लेदारी, आणि ताईसाहेबांचे यजमान, ज्यांस या बखरीत राव म्हटले आहे, तेही होते, परंतु त्यांचे ध्यान मोबाइलात होते. ठरले की, परीक्षा होईतो घर म्हणजे छावणी समजावी. मग ग्रंथ आले, जाडजूड, उशाशी घेतले तर मान अवघडावी ऐसे. भिंतीवर पोटाचे चित्र लागले, पायाचे चित्र लागले, आणि जेवणाच्या टेबलावर दवाखान्यातील नमुन्याचे अन्न मांडले गेले. ते प्लास्टिकचे, रोग्यास किती वाढून घ्यावे हे दाखविण्याकरिता केलेले, परंतु कारागिराने इतके बेमालूम केले होते की रावांनी पहिल्याच दिवशी मोबाइलातून नजर न काढिता केकचा तुकडा उचलिला, चावला, आणि एक दात गमाविता गमाविता वाचविला. त्या केकवर रावांचे दातांची निशाणी अद्याप आहे, आणि दवाखान्यात रोगी विचारतात की हा कोणी खाल्ला.

याच सुमारास आबासाहेबांचे साखरेने उचल खाल्ली. मधुमेह त्यांचे अंगी पुरातन, गोळ्यांवर निभत होते, पण आता साखर गोळ्यांस दाद देईना, म्हणोन थोरल्या डॉक्टरांनी इन्सुलिन फर्माविले. लेखणीसारखे यंत्र, त्यास पुढे बारीक सुई लावावी, मात्रेचा आकडा फिरवावा, पोटास टेकवोन दाबावे, ऐसी तजवीज. ताईसाहेबांस वाटले, हे उत्तमच. सरावास घरचाच रोगी मिळाला. त्यांनी जेवणाचे टेबलाशी दरबार भरविला. आबासाहेब मुख्य खुर्चीवर, मातोश्री सन्मुख, राव बगलेस, आणि शेजारच्या काकू, ज्या वाटी परत करावयास आल्या त्या न जाता बसल्याच. ताईसाहेबांनी दिवाणखान्यातील उशी मागविली, तिला पोट मानिले, आणि रिकामे यंत्र घेऊन सर्व विधी झरझर करोन दाखविला: सुई लाविली, वरचे मोठे टोपण काढिले, आकडा फिरविला, यंत्र उशीस टेकविले, दाबिले, आणि दहा अंक मोजिले. सुईवर आत आणिक एक बारके टोपण असते, ते त्यांनी तैसेच राहू दिले, का की उशी मातोश्रींची, अभ्रा नवा आणि मातोश्री सन्मुख बसलेल्या. मग ताईसाहेबांनी सुईच्या जाडीपासून कंपनीच्या नावापर्यंत इतके ज्ञान दिले की काकूंस जांभई आली, आणि शेवटी पुसले:

"समजलं ना, आबा?"

आबासाहेबांस भर दरबारात नाही म्हणावयाची लाज वाटली. ते म्हणाले, "समजलं."

तेव्हापासोन आबासाहेब रोज आपले खोलीत जाऊन, बनियन वर करोन, शिकविले तैसे बिनचूक करू लागले. चुकविले नाही, टाळले नाही, कुरकुर केली नाही. उलट ते मनी संतोषले की, लोक उगाच सुईस भितात, आम्हांस तर लागतही नाही.

परंतु साखर उतरेना. उतरेना इतकेच नव्हे, ती चढली. मग थोरल्या डॉक्टरांनी मात्रा वाढविली; तरी चढली. पुन्हा वाढविली, तरी तीच गत. तेव्हा घरात खलबत भरले, आणि खलबतात आबासाहेबांस बोलाविले नाही. ताईसाहेब म्हणाल्या की, औषध खोटे नाही, यंत्र खोटे नाही, शिकविले मी आहे; मग एकच उरते, आबा चोरून खातात. राव म्हणाले, शक्य आहे. मातोश्री म्हणाल्या, शक्य कसले, खात्रीच आहे, मी यांस ओळखते. आणि त्यांनी पुरावा ठेविला की, यांची बनियन आताशा पोटाशी ओली असते. यावर फार ऊहापोह होऊन ऐसा अर्थ लाविला गेला की, म्हातारा गोड खाऊन घाईघाईने तोंड धुतो आणि पाणी अंगावर सांडतो. तीन शहाणी माणसे एकत्र बसली म्हणजे काय निष्पन्न होते त्याचा हा मासला.

मग घरास वेढा पडला. साखरेचा डबा उंच फळीवर चढला. बिस्किटे मातोश्रींचे कपाटात, साड्यांचे मागे, नजरकैदेत गेली. आबासाहेब फिरावयास निघाले की राव काही अंतर ठेवोन मागे चालत; आबासाहेबांनी एकदा वळोन पाहिले तेव्हा राव एका चपलांच्या दुकानात शिरले आणि नको असता चपला घेऊन आले. त्यांचे कोटाचे खिसे तपासिले गेले. आत एक बटण, एक जुने तिकीट आणि लवंग निघाली, आणि लवंगेवरही प्रश्न जाहले. आणि रोज जेवणाचे टेबलाशी, सर्वांसमक्ष, ताईसाहेब आकडा वाचोन दाखवीत आणि पुसत, "आबा, खरं सांगा, काय खाल्लंत?"

आबासाहेब प्रथम हसले. मग रागावले, म्हणाले, "अगं, काही खाल्लं नाही. किती वेळा सांगू?" मग मातोश्री नुसत्या त्यांचे पोटाकडे पाहात. मग एके दिवशी त्यांनी आपला बिनसाखरेचा चहा उचलिला, गॅलरीत गेले, आणि त्या दिवसापासोन चहा तेथेच, एकटे, कुंड्यांकडे तोंड करोन घेऊ लागले. मुख्य खुर्ची रिकामी राहू लागली. बखरकार माणसाचे पोटात पाहू शकतो म्हणोन लिहितो की, आबासाहेबांस साखरेहून याचे दुःख अधिक होते की, घरात कोणीही, एकानेही, त्यांचा शब्द धरिला नाही. आणि शेवटी शेवटी तर त्यांचा आपलाच आपणांवर भरवसा राहिना, झोपेत उठोन खातो की काय म्हणोन ते फडताळापुढे चमचे मांडोन झोपत, की पाय लागला तर खणखणाट व्हावा. चमचे सकाळी जागचे जागी असत.

इकडे लेखी परीक्षेचा दिवस उगवला. ताईसाहेब संगणकापुढे बसल्या, आणि प्रश्न आले ते एकामागोन एक, फळी धरोन. प्रत्येक प्रश्नास चार उत्तरे, चारही सभ्य, चारही स्वच्छ कपडे केलेली, आणि त्यांतील तीन फितूर. कोणी म्हणे मी बरोबर, कोणी म्हणे मी अधिक बरोबर, आणि एक तर म्हणे वरीलपैकी सर्व. ताईसाहेबांनी कित्येकांस पहिल्याच नजरेत कापिले, कित्येकांस राखोन ठेविले आणि फिरोन येऊन गाठिले. त्यात एक प्रश्न ऐसा आला की, रोग्यास शिकविल्यावर त्यास समजले हे कशावरोन ताडावे. आणि ताईसाहेबांनी बिनदिक्कत उत्तर दिले की, समजले का ऐसे पुसू नये, कारण लोक हो म्हणतात. रोग्यानेच करोन दाखवावे. उत्तर बरोबर होते. ते त्यांनी संगणकास दिले, घरी नेले नाही. लेखी परीक्षा फत्ते जाहली.

राहिली प्रत्यक्ष. थोरल्या डॉक्टरांचे हुकुमावरोन परीक्षा त्याच रिकाम्या खोलीत नेमिली, आणि हिशेबनिसांनी आशा न सोडिता एक कपाट आधीच आत सारिले. रोगी म्हणोन एक शिंपीणबाई ठरविल्या होत्या, समजूतदार, वेळेच्या पक्क्या. परंतु ऐन समयी त्यांचा निरोप आला की, पाव्हणे अचानक आले, येणे होत नाही, माफी असावी. आणि त्याच क्षणी परीक्षकबाईंची स्वारी दाखल जाहली: चष्मा दोरीस बांधलेला, हाती गुणांचा तक्ता, आणि मुखावर हास्य औषधालाही नाही. त्या म्हणाल्या, "पेशंट कुठे आहे? नसेल तर पुढच्या वर्षी या."

ताईसाहेब दाराशी धावल्या. त्यांनी कॉरिडॉरात नजर फेकिली. बाकावर सर्व रोगी एकाएकी छताचे निरीक्षण करू लागले. आणि टोकास, रक्त तपासावयास आलेले, दंडावर कापूस धरोन, पाठ करोन बसलेले आबासाहेब होते.

ताईसाहेब जवळ गेल्या. बोलणे बंद असता मागावे कसे, हा मोठाच पेच. हळूच म्हणाल्या, "आबा, माझी परीक्षा आहे. पेशंट आला नाही."

आबासाहेबांनी कापूस पाहिला, भिंत पाहिली, आणि मग तहाचे एकच कलम घातले: "दार लावून घेणार असशील तर येतो. चारचौघांत मला काही विचारायचं नाही."

परीक्षकबाईंस नाते कळविले. त्यांनी तक्ता उलटासुलटा पाहिला आणि फर्माविले की, नातलग चालत नाही ऐसे कोठे लिहिले नाही. परंतु नाते बाहेर ठेवोन आत यावे. मग तिघे आत गेली, दार मऊ आवाज करोन बसले, आणि हिशेबनीस बाहेर मोजपट्टी धरोन उभे राहिले.

नाते बाहेर ठेविल्यामुळे ताईसाहेब आपल्या सासऱ्यांस, ज्यांचे घरात त्या इतकी वर्षे नांदल्या, काका म्हणाल्या. "बसा काका. घरी कोण कोण असतं?"

आबासाहेब खुर्चीत सावरोन बसले. "बायको आहे, मॅडम. मुलगा आहे, तो माझ्या मागे मागे फिरतो आणि चपला विकत घेतो. आणि सून आहे."

"सून काळजी घेते का?"

"फार. फार हुशार आहे. मधुमेहातलं सगळं माहीत आहे तिला. मला मात्र विचारत काही नाही, मॅडम. विचारते तेव्हा उत्तर ठरलेलं असतं."

परीक्षकबाईंचा पेन थबकला. ताईसाहेबांचे कान तापले, आणि पाठ केलेले अवघे व्याख्यान, सुईच्या जाडीपासोन कंपनीच्या नावापर्यंत, जिभेवरोन पळोन गेले. मग त्यांनी ते सोडिले. साधेच म्हणाल्या, "काका, तुम्ही इंजेक्शन कसं घेता ते मला दाखवता? तुम्ही घेता तसंच. मी मध्ये बोलणार नाही."

आबासाहेबांनी टेबलावरील सरावाचे यंत्र उचलिले, ज्यात नुसते पाणी होते. सुई लाविली. मोठे टोपण काढोन खिशात ठेविले. आकडा फिरविला. बनियन वर केली. यंत्र पोटास टेकविले, दाबिले, आणि डोळे मिटोन, शाळेतील मुलासारखे, दहापर्यंत मोजिले. मग रुमाल काढिला आणि पोट पुसले. "थोडं ओलं होतं, पण लागत नाही अजिबात."

सुईवरील आतले बारके टोपण जागचे जागी होते.

ताईसाहेबांनी ते पाहिले. आणि त्यांस एकदम सर्व दिसले: उशी, नवा अभ्रा, झरझर चाललेला आपला हात, ओली बनियन, उंच फळीवरील डबा, गॅलरीतील पाठ. मात्रा रोज बनियनीस जात होती. म्हातारा एक कणही खात नव्हता. परीक्षकबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, तेथोन त्यांस यंत्राचे टोक दिसत नव्हते, हेही ताईसाहेबांनी पाहिले; आणि बाहेर कपाटे उभी आहेत आणि पुढली परीक्षा एका वर्षाने, हेही त्यांचे मनी आले. आले आणि गेले.

"काका, असं करायला कोणी शिकवलं?"

"सुनेनं. उशीवर."

"सुनेनं चुकीचं शिकवलं." ताईसाहेबांनी यंत्र घेतले आणि ते बारके टोपण काढोन आबासाहेबांचे तळहातावर ठेविले. "हे काढायचं असतं. उशी फाटू नये म्हणून तिनं ठेवलं, आणि तुम्हाला सांगितलं नाही. औषध आत गेलंच नाही तुमच्या. एकदाही नाही."

आबासाहेबांनी चष्मा बदलोन ते टोपण डोळ्यांजवळ धरिले. तांदळाएवढी वस्तू. मग म्हणाले, "म्हणजे मी खात नव्हतो."

"नव्हता."

"झोपेतसुद्धा नाही?"

"नाही, आबा. माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी एकदाही ऐकलं नाही." आणि ताईसाहेबांचे डोळे भरोन आले, आणि बाहेर ठेविलेले नाते, दार बंद असताही, आत आले.

आबासाहेबांनी पोट पुसलेला तोच रुमाल पुढे केला. ताईसाहेबांनी नाक पुसले आणि त्याच दमात उठल्या, कारण त्यांस आणिक एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली यातच मोहिमेचे सर्व यश आहे. त्या म्हणाल्या, "पण आज एवढी मात्रा घ्यायची नाही. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी ती दोनदा वाढवली आहे. ती आता खरोखर पोटात गेली तर साखर धाडकन खाली येईल. आधी डॉक्टरांना विचारू." आणि परीक्षेची घटका शिल्लक असता, गुणांची पर्वा न करिता, दार उघडोन त्या थोरल्या डॉक्टरांमागे जिन्यात धावल्या, जेथे पुन्हा कोणी अडवू नये ऐसा हुकूम होता. डॉक्टर अडले. ऐकिले. मात्रा उतरवोन पहिल्या आकड्यावर आणिली, आणि काही दिवस रोज साखर तपासोन कळवावी ऐसे लिहोन दिले. ताईसाहेब परत आल्या तो आबासाहेब परीक्षकबाईंस सांगत होते की, सून स्वभावाने वाईट नाही.

परीक्षकबाईंनी दोरीचा चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला. मग निकाल फर्माविला जे, उमेदवाराने आपली चूक रोग्यासमोर कबूल केली, मात्रेचा धोका ओळखिला, आणि मुख्य म्हणजे मध्ये बोलली नाही, जे परीक्षेत फार थोड्यांस साधते. परंतु नाते बाहेर ठेवावयास सांगितले असता ते आत आले, सबब एक गुण कापिला आहे. आणि जाता जाता, बखरकार शपथेवर लिहितो, त्या हसल्या. फारसे नाही, पण हसल्या.

त्या सायंकाळी घरी पुनश्च दरबार भरला. ताईसाहेबांनी उभे राहोन, सर्वांसमक्ष, ज्या टेबलाशी आरोप जाहले त्याच टेबलाशी, आबासाहेब निर्दोष असल्याचे जाहीर केले आणि ते बारके टोपण बशीत ठेवोन सर्वांस दाखविले. राव म्हणाले, मला आधीच शंका होती. त्यांजकडे कोणी लक्ष दिले नाही. शेजारच्या काकूंसही मुद्दाम बोलावणे गेले, कारण बदनामी त्यांचेमार्फतच जिन्याने वरखाली गेली होती. मातोश्री उठल्या, कपाट उघडिले, साड्यांचे मागोन बिस्किटांचा पुडा काढिला, त्यातील एक बिस्किट काढिले, क्षणभर विचार केला, मोडोन अर्धे केले, आणि आबासाहेबांचे बशीत ठेविले. चाळीस वर्षांचे संसारात मातोश्रींनी मागितलेली ही एकमेव माफी होय. आबासाहेबांनी सूनबाईंकडे पाहिले. ताईसाहेबांनी मान हालविली. मग आबासाहेब मुख्य खुर्चीवर बसोन, चहा घेत, ते अर्धे बिस्किट उजळ माथ्याने, सावकाश, सर्वांचे देखत खाते जाहले.

पुढे आबासाहेबांची साखर पायरी पायरीने उतरली, आणि यथावकाश सनद आली, शिक्क्यानिशी, सहीनिशी. थोरल्या डॉक्टरांनी जिन्यावरोन अभिनंदन केले. हिशेबनिसांचे कपाट ज्या दारातून आत गेले त्याच दारातून बाहेर आले, आणि येता येता त्यांचे बोट चेमटले, तेव्हा पट्टी ताईसाहेबांनीच बांधिली. वजनकाटा आत गेला. डुलणारी खुर्ची बदलली. दारावर पाटी लागली: मधुमेह-शिक्षक. ऐसी फत्ते जाहली, खोली काबीज जाहली, आणि रयत आत जाऊन खरे बोलू लागली, जॅमवाले आणि केकवाले सारे.

पहिल्या दिवशी पहिला क्रमांक आबासाहेबांनी लाविला. दवाखाना उघडण्याआधीच बाकावर येऊन बसले होते. ताईसाहेबांनी दारात येऊन म्हटले, "या आबा." आबासाहेब आत गेले, मागे वळोन कॉरिडॉरात कोण कोण आहे ते पाहिले, आणि आवाज उतरवोन म्हणाले, "एक गोष्ट आहे. तुला म्हणूनच सांगतो. आधी दार लाव."

दार मऊ आवाज करोन बसले.

आत काय बोलणे जाहले ते लिहिता येत नाही. बखरकाराची गती सर्वत्र आहे हे आरंभी लिहिले ते खरे, आणि त्याने कर्तव्य जाणोन दारास कानही लाविला. परंतु ते दार खरोखरच चांगले आहे. शिवाय इतक्यात आतून ताईसाहेबांची आज्ञा आली की, "बाहेर कोण उभं आहे? बाकावर बसा, नंबर आला की बोलावते." सबब बखरकार बाकावर जाऊन बसला, आणि वर्तमान येथे पुरे केले.